घराला चार पाय

जावयाने आणखी एक घर घेतले, असे मुलीने फोनवर सांगितले तेव्हा आईबाबांना आनंदच झाला. पण सप्टेंबर 2023 मध्ये दोघे पर्थला पोहोचले आणि पाहतात तो काय, ते घर जावईबापूंच्या गाडीच्या पाठीवर बसलेले! मागे हौदा असलेली ही गाडी, ऑस्ट्रेलियात तिला 'युट' म्हणतात. त्या हौद्यावर एक अख्खी खोली. आत पलंग, छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी.

"एवढं चांगलं घर असताना दारात हे आणखी कशाला?" आईंनी विचारले. शाळेच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन उत्तरेला सर्व्हान्टेसजवळचे पिनॅकल्स पाहायला जायचे, असा बेत होता. नातू तर रोज झोपण्याची जागा ठरवत होता.

अडचण एकच होती. अशा खोलीच्या चार कोपऱ्यांना चार पाय, म्हणजे जॅक असतात. ते फिरवून खोली उचलायची आणि खालून गाडी पुढे काढून घ्यायची. जुन्या मालकाने पायच दिले नव्हते; फोर्कलिफ्टने खोली गाडीवर ठेवून तो मोकळा झाला होता. जावईबापू इलेक्ट्रिशियन. कामाची गाडी तीच. तेव्हा तीन आठवडे ते पलंग-ओट्यासकट कामावर जात होते आणि वायरची भेंडोळी सिंकमध्ये ठेवत होते.

जॅक हा शब्द ऐकताच बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. एका बसच्या वर्कशॉपमध्ये त्यांची चौतीस वर्षे गेली होती. तिथे एकदा जॅकवरून बस सरकली आणि खालच्या पोराचा पाय कायमचा गेला. घरात ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी खोलीभोवती एक फेरी मारली आणि बोटांच्या पेरांनी चारही कोपरे वाजवून पाहिले. तीन टणक वाजले. पुढचा डावा भद्द वाजला.

"तिथं त्याने नवा पत्रा मारलाय, बाबा," जावईबापू म्हणाले.

"तेच म्हणतो, का मारला?"

जावईबापूंचा चेहरा उतरला. चांगले पैसे मोजून आणलेली वस्तू, त्यात आल्या आल्या सासऱ्यांनी खोट काढली. रात्री आईंनी बजावले, "पाहुणे म्हणून आलोय, पाहुण्यासारखं राहावं." बाबा दोन दिवस गप्प राहिले. कोणत्याही सासऱ्याला ते सोपे जाते असे नाही.

तिसऱ्या दिवशी जावईबापू ड्रिल घेऊन पायांसाठी भोके पाडायला निघाले, तेव्हा मात्र बाबांना राहवेना. त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "भोकं पाडायचीच तर आधी पत्र्याच्या कडेनं हा घालून बघा."

स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. छताच्या सांध्यातून वर्षानुवर्षे पाणी मुरून आतले लाकूड कुजले होते. त्यात बोल्ट आवळले असते, तर खोली उचलताना पाय लाकडासकट उपटून आला असता. जावईबापू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, उद्या रविवार आहे. तुम्ही सांगाल तसं करू."

रविवारी कुजका भाग कापून नवे लाकूड बसवले. आतून पोलादी पट्टी दिली, म्हणजे बोल्टचा दाब एका जागी न येता पसरेल. प्रत्येक भोक आणि सांधा चिकट सीलिंग पट्टीने बंद केला.

मग पायांची निवड. मुलीला बटण दाबून चालणारे हवे होते. पण ते महाग, जड, आणि बॅटरी उतरली की हाताने फिरवणे आलेच. शेवटी हँडलचे ठरले. घाई असेल तर तेच बॅटरीच्या ड्रिलनेही फिरवता येतात. खोलीचे वजन जुन्या मालकाने 550 किलो सांगितले होते. काट्यावर गाडी खोलीसकट तोलली आणि त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, तेव्हा फरक निघाला 720. "म्हणजे पायाला 180," जावईबापूंनी हिशेब केला. बाबांनी मान हलवली. जमीन जरा उंचसखल असली की भार तिरक्या समोरासमोरच्या दोनच पायांवर येतो, म्हणजे एकेकाने 360 पेलायला हवेत. जाहिरातीतला 2000 किलोचा आकडा तर चार पायांचा मिळून होता; पायाला 500. तो चालण्यासारखा होता. पाय हौद्यापासून दोन्ही बाजूंना चार बोटे मोकळे राहतील असे बसवले, कारण गाडी दर वेळी सरळच मागे येईल असे नाही.

खोली उतरवायची वेळ आली. टाकी रिकामी केली, चारही कोपऱ्यांच्या साखळ्या सोडल्या. पर्थची जमीन वाळूची, म्हणून प्रत्येक पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवला. नातवाला आजीजवळ व्हरांड्यात उभे केले. जावईबापूंनी हँडलला हात घातला.

"वायर?" बाबांनी विचारले.

दिव्यांची वायर गाडीला तशीच जोडलेली होती.

ती काढून उचलायला सुरुवात झाली. एका कोपऱ्याला थोडे, मग दुसऱ्याला, पुढची बाजू नेहमी किंचित वर. बराच वेळ खोली हौदा सोडेना. जावईबापूंना वाटले, जॅकच खराब निघाले. पण भार हलका होईल तशा गाडीच्या स्प्रिंगा वर येत होत्या आणि हौदा खोलीच्या मागोमाग उठत होता. शेवटी मध्ये उजेडाची रेघ दिसली. गाडी हळूहळू पुढे निघाली. चार पायांवर खोली करकरत उभी राहिली. नातवाने टाळ्या वाजवल्या. आईंनी तोंडावर हात धरला होता.

"झालं!" जावईबापू म्हणाले.

"अजून नाही. जॅक उचलायला असतो, ठेवायला घोडी लागते." बाबांनी खोली जेवढी येईल तेवढी खाली घ्यायला लावली आणि तळाशी लोखंडी घोड्या देऊन भार त्यांच्यावर टेकवला. त्या रात्री नातू आत झोपायला निघाला, तेव्हा त्यांनी टॉर्च घेऊन चारही घोड्या पुन्हा पाहिल्या. परत येताना त्यांनी वर्कशॉपमधल्या त्या पोराची गोष्ट जावईबापूंना सांगितली. मुलीने ती दारातून ऐकली.

परतीच्या आदल्या दिवशी जावईबापूंनी त्यांच्या हातात जाड मार्कर दिला आणि हौद्याच्या मागच्या फळीवर लिहायला सांगितले. बाबांनी मोठ्या अक्षरात लिहिले, "वायर काढली का?" युट अजून तेच मिरवत कामावर जाते, आणि पर्थमधले लोक तो काय मंत्र आहे म्हणून विचारतात.