चीनच्या आकाशातले अमेरिकी स्वयंसेवक

‘अमेरिकन व्हॉलंटिअर ग्रुप’ ही वैमानिकांची आणि तंत्रज्ञांची तुकडी डिसेंबर १९४१ ते जुलै १९४२ या काळात ब्रह्मदेश आणि चीनच्या आकाशात जपानी विमानांशी लढली. ‘फ्लाइंग टायगर्स’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. तिचा प्रत्यक्ष लढाईचा काळ सातएक महिन्यांचा. एका वेळी उड्डाणाला सज्ज अशी विमाने तर बहुतेकदा पन्नाससुद्धा नसत. तिच्याविषयी जे लिहिले गेले त्यात साहसाचा भाग मोठा आहे आणि तो खोटा नाही. परंतु या तुकडीने जे मिळवले त्याची मुळे टेलिफोनच्या तारांत, वर्गातल्या फळ्यावर आणि मेकॅनिकांच्या काळ्या हातांत शोधावी लागतात.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण सुरू केले, तेव्हा चीनचे हवाई दल लहान आणि विस्कळीत होते. चीनचे नेते चँग कै-शेक यांच्या पत्नी सूंग मेइ-लिंग यांच्याकडे हवाई दलाचा कारभार होता. त्यांनी क्लेअर शेनॉल्ट या अमेरिकी अधिकाऱ्याला सल्लागार म्हणून बोलावले. शेनॉल्ट त्याच वर्षी अमेरिकी सैन्यातून कॅप्टनच्या हुद्द्यावर निवृत्त झाले होते. त्यांना ऐकू कमी येत होते आणि वरिष्ठांशी त्यांचे मतभेदही होते. बाँबफेकी विमानांना कुणी अडवू शकत नाही, हे त्या काळातल्या हवाई सेनानींचे लाडके मत. वेळेवर सूचना मिळाली तर लढाऊ विमाने त्यांना नक्की अडवू शकतात, हे शेनॉल्ट यांचे म्हणणे. ते त्यांनी सैन्यात असतानाच लिहून मांडले होते. चीनमध्ये त्यांना ते सिद्ध करून दाखवण्याची संधी मिळाली.

चीनच्या मदतीला आलेले पहिले परदेशी स्वयंसेवक मात्र अमेरिकी नव्हते. १९३७ च्या अखेरीपासून सोव्हिएत वैमानिक आपल्या विमानांसह चीनमध्ये लढत होते. त्यांतले पुष्कळ तिथेच मारले गेले. पाश्चात्त्य लेखनात त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. हा अन्याय आहे, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत चीनच्या हवाई संरक्षणाचा भार त्यांनीच मोठ्या प्रमाणावर उचलला. सप्टेंबर १९४० मध्ये जपानचे नवे ‘झीरो’ विमान चुंगकिंगवर पहिल्यांदा लढाईत उतरले आणि चीनकडची सोव्हिएत बनावटीची विमाने त्यापुढे एकदम जुनी ठरली. एप्रिल १९४१ मध्ये सोव्हिएत संघाने जपानशी तटस्थतेचा करार केला आणि ती मदत आटली.

अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. त्यामुळे सगळा व्यवहार खासगी कंपनीच्या नावाने झाला. ब्रिटनसाठी ठरलेली ‘कर्टिस पी-४०’ जातीची, ब्रिटिशांनी ‘टॉमाहॉक’ असे नाव दिलेली १०० विमाने चीनकडे वळवण्यात आली. नौदल, मरीन आणि सेना यांच्या तळांवर जाऊन वैमानिकांना विचारण्याची मुभा मिळाली. तयार होणाऱ्याने नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि विल्यम पॉली यांच्या ‘सेंट्रल एअरक्राफ्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’शी एक वर्षाचा करार करायचा. वैमानिकाला महिन्याला ६०० डॉलर, फ्लाइट लीडरला ६७५ आणि स्क्वाड्रन प्रमुखाला ७५०. सैन्यातल्या तरुण लेफ्टनंटच्या पगाराच्या मानाने ही रक्कम कितीतरी मोठी होती. शिवाय पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर. सुमारे १०० वैमानिक आणि जवळपास २०० इतर कर्मचारी अशी भरती झाली. पासपोर्टवर त्यांचे व्यवसाय भलतेच लिहिलेले होते. खुद्द शेनॉल्ट यांची नोंद शेतकरी अशी होती.

पगाराच्या या आकड्यांवरून त्यांना भाडोत्री म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पैशाची ओढ अनेकांना होती, यात शंका नाही. कुणाला शांततेच्या काळातल्या नोकरीचा कंटाळा आला होता, कुणाला कर्ज फेडायचे होते, कुणाला जपानी बाँबहल्ल्यांची छायाचित्रे पाहून राहवत नव्हते. बहुतेकांत हे सगळे थोडेथोडे मिसळलेले होते. तीनशे माणसांना एकच हेतू चिकटवणे चुकीचे ठरेल.

पॉली यांचे नाव महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातही येते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची त्यांच्याशी १९३९ मध्ये प्रवासात गाठ पडली आणि भारतात विमानांचा कारखाना काढण्याचा विचार तिथून पुढे सरकला. म्हैसूर संस्थानच्या भांडवली साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. चीनमधली तुकडी आणि बंगळूरचा कारखाना ही एकाच माणसाच्या, एकाच सुमाराच्या खटपटीची दोन फळे आहेत.

१९४१ च्या उन्हाळ्यापासून ही माणसे जहाजांनी रंगूनला उतरू लागली. रंगूनच्या उत्तरेला रेल्वेच्या वाटेवर टौंगू हे गाव आहे. तिथला तळ ब्रिटिशांनी प्रशिक्षणासाठी वापरू दिला. पावसाळ्याची दमट हवा, किडे, चिखल आणि बांबूच्या बराकी पाहून काही जण लगेच परत फिरले. जे राहिले त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात लढाऊ विमान चालवलेले नव्हते. कुणी नौदलाच्या उडत्या नौका चालवत होता, कुणी मोठी बाँबफेकी विमाने. टॉमाहॉकचे नाक लांब, वेग जास्त. उतरताना विमाने धावपट्टीवरून घसरत, चाके मोडत. प्रशिक्षणातच तीन वैमानिक दगावले.

शेनॉल्ट यांनी त्यांना पुन्हा वर्गात बसवले. जपानी विमानांची चित्रे फळ्यावर काढून कुठे इंजिन, कुठे इंधनाची टाकी, कुठे चिलखत नाही, हे ते पाठ करून घेत. त्यांची मुख्य शिकवण एकच होती. जपानी लढाऊ विमान हलके असते, ते लहान वर्तुळात वळते आणि झपाट्याने वर चढते. त्याच्याबरोबर गिरक्या घेत लढणारा टॉमाहॉक मरणारच. टॉमाहॉक जड असतो, पण सूर मारताना त्याला कुणी गाठू शकत नाही. वैमानिकाच्या पाठीमागे पोलादी पत्रा असतो, गोळी लागली तरी आपोआप बुजणाऱ्या टाक्या असतात आणि नाकात दोन जड मशीनगन असतात. म्हणून आधी उंची मिळवायची, जोडीने सूर मारायचा, जवळ जाऊन गोळ्या झाडायच्या आणि त्याच वेगाने खाली निघून जायचे. पुन्हा लांबवर उंची घ्यायची आणि पुन्हा यायचे. हे ऐकायला सोपे वाटते. पण शत्रूला पाठ दाखवून पळणे म्हणजे भ्याडपणा, अशा समजुतीत वाढलेल्या वैमानिकांच्या अंगी ते मुरवायला महिने लागले. याच काळात दुसरीकडे जे वैमानिक गिरक्या घेत लढले त्यांची काय गत झाली, हे पाहिले की या शिकवणीची किंमत कळते.

उंची मिळवायची तर वेळ हवा, आणि वेळ हवा तर शत्रू येतोय हे अगोदर कळायला हवे. चीनमध्ये रडार नव्हते. त्याऐवजी युनान प्रांतात आणि त्याच्या आसपास चिनी निरीक्षकांचे जाळे उभे होते. गावागावांत, डोंगरमाथ्यांवर माणसे बसलेली असत आणि त्यांच्यापाशी टेलिफोन किंवा बिनतारी संच असे. विमानाचा आवाज आला की एक की अनेक, जड की हलके, कुठल्या दिशेने, एवढे ते कळवत. कुनमिंगच्या केंद्रात नकाशावर त्या खुणा जोडल्या की हल्ल्याची वाट डोळ्यांपुढे येई. भरकटलेल्या आपल्या वैमानिकालाही याच जाळ्यावरून तो कुठे आहे हे सांगता येत असे. हे काम करणाऱ्या हजारो चिनी माणसांची नावे कुठल्याही विजयस्तंभावर नाहीत. तुकडीच्या यशाचे श्रेय वाटायचे झाले तर पहिला मोठा वाटा त्यांचा निघतो.

जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर तुकडीच्या तीन स्क्वाड्रनांपैकी दोन कुनमिंगला गेली, तिसरे रंगूनच्या मिंगलाडॉन तळावर. २० डिसेंबर १९४१ रोजी हनोईकडून दहा जपानी बाँबफेकी विमाने कुनमिंगकडे निघाली. त्यांच्यासोबत संरक्षक विमाने नव्हती, कारण कुनमिंगला कुणी अडवेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. जाळ्यावरून खबर आली. टॉमाहॉक वर चढून थांबले. जपानी वैमानिकांनी बाँब उघड्यावर टाकून दिले आणि माघारी वळले, तरी त्यांतली किमान तीन विमाने परत पोहोचली नाहीत. वर्षभर बाँब सोसलेल्या शहराने त्या दिवशी तळावर फुले आणि मिरवणूक आणली. ही तुकडी तिथे असेपर्यंत कुनमिंगवर पुन्हा तसा हल्ला झाला नाही.

रंगूनची लढाई याहून कितीतरी कठीण होती. तिथे चिनी जाळे नव्हते, रडारचा एक संच होता आणि सूचना उशिरा मिळे. २३ डिसेंबरला मोठा हल्ला झाला. आकाशातली झुंज पाहायला लोक रस्त्यांवर आले आणि बाँब त्यांच्यावरच पडले; हजाराहून अधिक नागरिक मेले. त्या दिवशी तुकडीचे दोन वैमानिक पडले. २५ डिसेंबरला जपानी पुन्हा आले. ब्रिटिश हवाई दलाचे ६७ नंबरचे स्क्वाड्रन ‘बफेलो’ विमानांतून या लढाईत बरोबरीने उतरले होते आणि त्याचे नुकसानही जास्त झाले, हे सांगितलेच पाहिजे. त्या काळच्या रंगूनमध्ये अर्ध्याहून अधिक वस्ती भारतीयांची होती. या हल्ल्यांनंतर बंदरातले हमाल, कारकून, दुकानदार बायकामुलांसह बाहेर पडू लागले आणि पुढच्या महिन्यांत लाखो भारतीय रानावनांतून पायी आसाम आणि चटगावच्या दिशेने चालले. वाटेत असंख्य माणसे गेली.

अडीच महिने शेनॉल्ट एकेक स्क्वाड्रन आळीपाळीने रंगूनला पाठवत राहिले. त्यामुळे बंदर सुरू राहिले, युद्धसाहित्य उतरून ब्रह्मदेशच्या रस्त्याने चीनकडे जात राहिले आणि ब्रिटिश कुमक येऊ शकली. ८ मार्च १९४२ ला रंगून पडले. त्याआधी फेब्रुवारीत के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाचे १ नंबरचे स्क्वाड्रन ‘लायसँडर’ विमाने घेऊन टौंगूच्याच तळावर उतरले. त्यांनी टेहळणीच्या त्या संथ विमानांना बाँब लावून सयामच्या हद्दीतल्या जपानी तळावर हल्ला चढवला, हा प्रसंग आपल्याकडे जितका माहीत असायला हवा तितका नाही.

२१ मार्चला मागवेच्या तळावर जपान्यांनी जमिनीवर उभी असलेली विमाने गाठली. तीन दिवसांनी तुकडीने सयाममधल्या चिअँग मै तळावर पहाटे हल्ला केला. त्यात दुसऱ्या स्क्वाड्रनचे प्रमुख जॉन न्यूकर्क मारले गेले. तोवर विमाने इतकी झिजली होती की एकाचे पंख, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याचे टायर असे जोडून एक उभे करावे लागे. टायर फाटत होते, सुटे भाग मिळत नव्हते, मोडलेली विमाने ट्रकने शेकडो मैल ओढून नेली जात. हे काम करणारे मेकॅनिक, शस्त्र भरणारे आणि बिनतारीवाले सगळे स्वयंसेवकच होते. त्यांना ५०० डॉलरचे बक्षीस नव्हते आणि वर्तमानपत्रांत नावही नव्हते.

विमानांच्या नाकावर रंगवलेले शार्क माशाचे तोंड जगप्रसिद्ध झाले. ती कल्पना मूळची या तुकडीची नव्हे. उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश ११२ नंबरच्या स्क्वाड्रनच्या छायाचित्रावरून ती उचलली. वैमानिकांच्या जाकिटाच्या पाठीवर चिनी ध्वजाचे कापड शिवलेले असे. हा परदेशी माणूस चीनच्या मदतीला आला आहे, सैनिकांनी आणि जनतेने त्याला वाचवावे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असे. शेतात कोसळलेल्या कित्येक वैमानिकांना खेडुतांनी लपवून, पालखीत घालून परत पोहोचवले.

स्वयंसेवकांच्या तुकडीची मर्यादा एप्रिल १९४२ मध्ये लोईविंगच्या तळावर दिसली. चिनी सैन्याचे मनोबल टिकावे म्हणून आघाडीवर खालून उडायचे आणि संथ बाँबफेकी विमानांना सोबत द्यायची, असे हुकूम येऊ लागले. झिजलेल्या विमानांनी असे उडणे म्हणजे हकनाक मरणे, असे वैमानिकांचे मत पडले. वीसहून अधिक जणांनी राजीनाम्याच्या पत्रावर सह्या केल्या. शत्रूसमोर राजीनामा म्हणजे पलायन, असे शेनॉल्ट यांनी बजावले. बहुतेक जण कामावर राहिले आणि अशा मोहिमा ज्यांची तयारी असेल त्यांच्यावरच सोपवल्या जाऊ लागल्या. करारावर आलेला माणूस हुकमापेक्षा पटलेल्या कारणासाठी लढतो. शेनॉल्ट यांनी हे ओळखले आणि ताणले नाही, यात त्यांचे शहाणपण होते.

मे महिन्याच्या सुरुवातीला, लोकमान्यांमुळे मराठी माणसाला माहीत असलेले मंडाले पडले आणि जपानी फौज ब्रह्मदेशच्या रस्त्याने चीनमध्ये घुसली. साल्वीन नदी तिथे खोल दरीतून वाहते. रस्ता वळणे घेत काठावर उतरतो आणि पलीकडे तसाच चढतो. चिन्यांनी पूल उडवला होता, जपानी फौज पश्चिम काठावर अडकली होती आणि तराफे बांधून पार होण्याच्या तयारीत होती. ७ मे रोजी डेव्हिड ‘टेक्स’ हिल यांच्या नेतृत्वाखाली नव्या ‘पी-४०ई’ विमानांनी दरीत सूर मारून बाँब टाकले. ही विमाने अक्राहून आफ्रिका ओलांडून, मग कराचीमार्गे आणलेली होती. बाँब सोव्हिएत बनावटीचे, चीनच्या साठ्यातले. हिल आणि त्यांचे साथीदार पूर्वी नौदलाच्या सूरमारी बाँबफेकी विमानांवर होते, ते शिक्षण इथे कामी आले. पुढच्या दिवसांतही हल्ले चालू राहिले, पूर्व काठावर चिनी पायदळाने तग धरला आणि जपानी आगेकूच त्या नदीवर थांबली ती थांबलीच.

४ जुलै १९४२ ला तुकडी विसर्जित झाली आणि तिची जागा अमेरिकी सैन्याच्या २३ व्या फायटर ग्रुपने घेतली. वैमानिकांनी तिथल्या तिथे सैन्यात यावे अशी अपेक्षा होती, पण थकलेल्या आणि घरी जाऊ इच्छिणाऱ्या माणसांशी अधिकाऱ्यांनी दरडावणीची भाषा वापरली. फक्त पाच वैमानिक राहिले. काही जण नौदलात व मरीनमध्ये परतले; त्यांतले ग्रेगरी बॉइंग्टन आणि सैन्याच्या हवाई दलात गेलेले जेम्स हॉवर्ड यांना पुढे ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. काही जण चिनी विमान कंपनीत दाखल होऊन आसामातून हिमालयाच्या पूर्व रांगांवरून कुनमिंगला माल नेऊ लागले.

पाडलेल्या विमानांचा अधिकृत आकडा २९७ च्या घरात सांगितला जातो. जपानी कागदपत्रांशी ताडून पाहणाऱ्या इतिहासकारांनी तो सुमारे ११५ वर आणला आहे. धावपळीच्या हवाई लढाईत एकाच विमानावर तिघांनी दावा करणे सगळ्याच देशांत घडले आहे, आणि लहान आकडा धरला तरी गमावलेल्या विमानांच्या व वैमानिकांच्या तुलनेत तो ठळकच राहतो. मोठ्या आकड्याला चिकटून राहण्याचे काही कारण नाही.

या माणसांची सेवा अमेरिकी सरकारने बराच काळ सैनिकी सेवा म्हणून मानली नाही, कारण कागदोपत्री ते एका खासगी कंपनीचे नोकर होते. १९९१ मध्ये त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. १९९६ मध्ये वैमानिकांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ आणि जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांना ‘ब्राँझ स्टार’ देण्यात आले.