गादी कापली की शिवली?

हिवाळा लागला की पनवेलच्या आसपासच्या गावांत कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. मी आमच्या संघात उजव्या कोपऱ्यात खेळतो. कोपरारक्षकाचं सगळं काम गुडघ्यांवर. वाकून थांबायचं आणि चढाईपटूचा पाय आवाक्यात आला की झेपावून घोटा धरायचा. अशाच एका पकडीत माझा डावा पाय मॅटवर घट्ट राहिला आणि अंग मात्र फिरलं. मातीवर पाऊल थोडं घसरतं, गुडघ्यावरचा पीळ सुटतो. मॅटवर बूट चिकटून बसतात, असं माझं मत आहे.

सूज आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे गुडघा वाकवलेला अडकायला लागला. एमआरआयमध्ये दिसलं की आतल्या बाजूचा मेनिस्कस, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, फाटली आहे.

प्रत्येक गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. मोठ्या माणसात रक्त पोचतं ते त्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंतच. तिथे फाटली तर टाके घालून जुळू शकते. आतल्या कडेला फाटली तर बहुतेक वेळा तेवढा तुकडा छाटतात. पूर्वी अख्खी गादीच काढून टाकत. अशा गुडघ्यांत पुढे हाडांमध्ये बदल होतात, हे फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने १९४८ साली एक्स-रेवरून दाखवलं. दुर्बिणीतून फाटका तुकडाच तेवढा काढण्याचं ऑपरेशन जपानच्या मसाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये केलं. माझी गादी कडेला फाटली होती, म्हणून शिवली.

संघातली मुलं भेटायला आली की जोकोविचचं नाव काढत. त्याची गादी २०२४च्या फ्रेंच ओपनमध्ये फाटली, ५ जूनला ऑपरेशन झालं, १४ जुलैला तो विम्बल्डनची अंतिम फेरी खेळला आणि ४ ऑगस्टला त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. ऐकून उभारी यायची. पण शिवलेल्या गादीला एवढी घाई चालत नाही. छाटल्यावर काही आठवड्यांत खेळाडू परततात. शिवल्यावर पाच-सहा महिने तरी धरावेच लागतात.

पहिले काही आठवडे कुबड्या, ब्रेस, आणि गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं बंद. गणपतीत सगळे जमिनीवर आणि मी खुर्चीवर, हे मला फार लागलं. आई मात्र ठाम होती. पाटावर बसू द्यायची नाही म्हणजे नाही. कामावर जायला लागलो तेव्हा स्टेशनच्या जिन्यासाठी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी नियम दिला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

खरी मेहनत मांडीची होती. डावी मांडी बघता बघता बारीक झाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून स्नायू आवळायचा, पाय सरळ उचलायचा, पुढे भिंतीला टेकून अर्धं बसायचं. कंटाळवाणे, पण मला पुन्हा उभं केलं ते याच व्यायामांनी. मग वडाळे तलावाकाठी चालणं, नंतर सरळ रेषेत धावणं, आणि फार उशिरा वळणं. एका पायावर उडी मारून अंतर मोजायचं. उजव्याच्या किमान नव्वद टक्के डाव्याने गाठल्याशिवाय मॅडम मैदानाचं नाव काढू देत नव्हत्या.

गुडघा तयार झाला तरी मनात धाकधूक राहिली. सरावात आमचा एक चढाईपटू मुद्दाम सावकाश पाय आत टाकायचा, म्हणायचा, "धर, धर, मी जोर लावत नाही." आधी चालत आलेल्या पायावर पकड, मग धावत आलेल्या, मग बोनस घेणाऱ्या. कितीतरी संध्याकाळी तो माझ्यासाठी थांबला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्या हंगामात मी फक्त मातीवर उतरलो, मॅटवर पुढच्या वर्षी.

गावोगावच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: घरी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, गादी कापली की शिवली, आणि ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. शेजारच्या संघातला कुणी दोन महिन्यांत उतरला असेल, तर आधी त्याच्या गुडघ्यात काय केलं होतं ते विचारा. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनो, ज्याला फिजिओने अजून परवानगी दिलेली नाही, त्याला एका सामन्यापुरतंसुद्धा उतरवू नका.