बोटीच्या इंजिनाचें डोकें

मोठ्या आंकड्याचा मोह मनुष्यास फार लवकर जडतो. दोन वस्तु शेजारीं शेजारीं मांडल्या, एकीवर तीनशेंचा आणि दुसरीवर पांचशेंचा आंकडा घातला, कीं आपल्याला त्यांचा उपयोग काय हें विचारण्यापूर्वींच हात पांचशेंकडे वळतो. हा मोह अजाण माणसासच होतो असें मात्र नव्हे. ज्याचें सारें आयुष्य इंजिनांच्या कारखान्यांत गेलें त्यालाही तो होतो, आणि सत्तरी उलटल्यावरही होतो. हें आम्ही स्वानुभवानें लिहीत आहों.

आमचा पुतण्या अमेरिकेंत मेरिलंड राज्यांत, अ‍ॅनापोलिस शहराजवळ राहतो. चेसापीकचा उपसागर त्याच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे. सुमारे २०० मैल लांब आणि सरासरी अवघें २१ फूट खोल असें हें पाणी. नद्यांचें गोडें पाणी व अटलांटिकचें खारें पाणी यांचा येथें संगम होतो. पुतण्याजवळ एक जुनी २६ फुटी मोटारबोट आहे. तिच्यांत शेव्हरोलेच्या घराण्यांतलें ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटरचें, आठ सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन आहे. या घराण्याचें पहिलें इंजिन १९६५ सालीं निघालें, व ४५४ घनइंचांचा आकार १९७० सालीं आला. मूळ मोटारींसाठीं जन्मलेलें हें इंजिन पुढें समुद्री साज चढवून असंख्य बोटींत बसविण्यांत आलें. पुतण्याच्या बोटींतलें इंजिन ३३० अश्वशक्तीचें होतें.

गेल्या ऑगस्टांत एके दिवशीं सारें कुटुंब बोटींतून फिरावयास निघालें. बरोबर आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री, आणि दोन्ही नातवंडें होतीं. परत फिरतां फिरतां संध्याकाळ झाली. तिकडे उन्हाळ्यांत दुपारनंतर वादळी ढग एकाएकीं चढतात, तसे ते चढूं लागले. आणि नेमकें त्याच वेळीं इंजिन अडखळूं लागलें व बंद पडलें. कळ दाबली तरी तें फिरेना. नांगर टाकला, बिनतारी यंत्रावरून मदत मागितली, आणि दीड तासानें दुसऱ्या बोटीनें ओढून किनाऱ्यास आणलें. तोंपर्यंत विजा कडाडत होत्या आणि धाकटी नात आजीच्या पदराखालीं शिरून बसली होती. घरीं आल्यावर वहिनी एवढेंच म्हणाल्या, "यापुढें मी या बोटींत पाऊल ठेवणार नाहीं, आणि मुलांनाही ठेवूं देणार नाहीं."

हिवाळ्यांत बोट पाण्याबाहेर काढून ठेवली असतां आम्ही तेथें गेलों. इंजिन उघडलें तों दोन सिलिंडरांत पाणी शिरून व्हॉल्व्हांवर गंज चढलेला. हेड कामांतून गेलेंच आहे, तर जुन्यासारखेंच पुन्हां कशाला बसवावयाचें, चांगलें मोठें बसवूं, असा विचार पुतण्याच्या मनांत आला. काका घरांत असल्यामुळें त्यास उत्साहही चढला.

हेड म्हणजे काय हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सिलिंडरच्या तोंडावर घट्ट बसविलेलें जाड झांकण म्हणजे हेड. हवा व पेट्रोल आंत येण्याची वाट, धूर बाहेर जाण्याची वाट, त्या वाटांवरचे व्हॉल्व्ह, आणि जेथें ठिणगी पडते तो ज्वलनाचा खळगा, हें सगळें त्यांतच असतें. इंजिनानें श्वास किती व कसा घ्यावा हें तें ठरवितें. या इंजिनांत सिलिंडरांच्या दोन रांगा, म्हणून हेडेंही दोन. तीं मुख्यतः दोन प्रकारचीं मिळतात. एकांत आंत येणाऱ्या हवेच्या वाटा अंडाकृति, प्रत्येकी सुमारे २५० घनसेंटिमीटरांच्या. दुसऱ्यांत त्या चौकोनी व मोठ्या, ३१५ च्या आसपास. शिवाय हेडें बिडाचीं किंवा अ‍ॅल्युमिनियमचीं. अ‍ॅल्युमिनियमचें हेड वजनानें जवळजवळ निम्में, आणि उष्णता लवकर वाहून नेणारें.

आम्हीं सूचीपत्रें चाळलीं आणि चौकोनी वाटांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडांवर बोट ठेवलें. जोडीला नवा कॅमशाफ्ट व नवें मॅनिफोल्ड घातलें कीं ४३० अश्वशक्तीस सहज पोंचूं, असें कागदावर गणितही मांडलें. पुतण्या खूष झाला. सूनबाई तेवढ्या गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशीं गोदींतल्या एका वृद्ध मेकॅनिकला आम्हीं तो कागद दाखविला. त्यानें आंकड्यांकडे पाहिलेंही नाहीं. त्यानें विचारलें, "हें इंजिन वर्षाकांठीं किती तास चालतें, आणि मिनिटाला किती फेऱ्यांवर?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. साऱ्या आयुष्यांत गिऱ्हाइकाला जो प्रश्न आम्हीं पहिल्यांदां विचारीत आलों, तो घरच्या माणसाला विचारावयाचें आम्हांस सुचलें नव्हतें.

उत्तर सूनबाईंजवळ निघालें. पेट्रोलचा खर्च टिपण्यासाठीं त्यांनीं एक वही ठेविली होती. तींत प्रत्येक फेरीचे तास व इंजिनाचे फेरे यांचीही नोंद होती. सबंध हंगामांत बोट ६१ तास चालली होती. त्यांतले ४,००० फेऱ्यांच्या वरचे तास तीनसुद्धां भरत नव्हते. बाकीचा बहुतेक काळ ३,००० ते ३,४०० फेऱ्यांचा. इंजिनाची कमाल मर्यादा ४,६००. पण पंखा पाण्यांत फिरवावयास लागणारी शक्ति फेऱ्यांबरोबर अतिशय झपाट्यानें वाढते, त्यामुळें ३,२०० फेऱ्यांवर पूर्ण शक्तीच्या निम्मीसुद्धां खर्च होत नाहीं. जी शक्ति आम्ही विकत घ्यावयास निघालों होतों, ती वर्षांतून तीन तासही कामास येणार नव्हती.

आणि त्या तीन तासांत तरी काय मिळालें असतें? पाण्यावर चढून धांवणाऱ्या बोटीचा वेग साधारणपणें शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढतो. ३३० चे ४३० केले, म्हणजे शक्ति तीस टक्के वाढविली, तर वेग वाढणार चौदा टक्के. ४२ मैलांचा ४८. उलट मोठ्या वाटांचा तोटा रोज भोगावा लागला असता. चुलींतला निखारा फुलवावयास आपल्या आजीबाई अरुंद फुंकणी घेत. रुंद नळींतून तोच श्वास सोडला तर निखाऱ्यावरची राखही उडावयाची नाहीं. हेडांतल्या वाटेचें तसेंच आहे. कमी फेऱ्यांवर मोठ्या वाटेंतून हवा मंद चालते, सिलिंडर नीट भरत नाहीं, आणि इंजिनाचा जोर कमी पडतो. तो जोर तर माणसांनीं भरलेली बोट पाण्यावर चढवितांना, म्हणजे नेमका कमी व मध्यम फेऱ्यांवरच हवा असतो. मोटार खंडाळ्याचा घाट चढून गेली कीं विसांवा घेते. धांवत्या बोटीस हा विसांवा नाहीं, ती सदा घाटच चढत असते.

दुसऱ्याही गोष्टी त्या वृद्धानें दाखविल्या. मोठ्या हेडांस साजेसा कॅमशाफ्ट घातला तर आंतला व बाहेरचा व्हॉल्व्ह एकाच वेळीं अधिक काळ उघडे राहतात. बोटीच्या धुरांत पाणी मिसळलेलें असल्यानें तें मंद फेऱ्यांवर उलट सिलिंडरांत ओढलें जाण्याचा संभव असतो. ज्वलनाचा खळगा जुन्याहून लहान घेतला तर दाब वाढतो, साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊं लागतें, आणि बोटीच्या गोंगाटांत ते ऐकूंही येत नाहींत. अ‍ॅल्युमिनियम चांगलें खरें. पण आमच्या बोटींत उपसागराचेंच पाणी थेट इंजिनांतून खेळत होतें. तसल्या खारट पाण्यांत अ‍ॅल्युमिनियम लवकर झिजतें. तें बसवावयाचें तर आंत निराळें बंदिस्त पाणी फिरविण्याची सोय आधीं करावी लागते.

शेवटीं त्यानें बिडाचा एक कोपर हातांत दिला. तप्त धूर आणि इंजिन थंड करून आलेलें पाणी जेथें एकत्र मिळतें, तो हा भाग. खाऱ्या पाण्यांत पांचसात वर्षांनीं हे कोपर बदलावे लागतात. आमचा कोपर आंतून गंजून भोंक पडलेला होता. ऑगस्टांत सिलिंडरांत पाणी शिरलें तें येथून. हेडाचा कांहींच अपराध नव्हता! आम्हीं सुचविलेलीं महागडीं हेडें बसवून हे कोपर तसेच ठेविले असते, तर पुढच्या उन्हाळ्यांत तींही गंजलीं असतीं. आणि कदाचित् तितक्याच लोकांना घेऊन, तितक्याच काळ्या ढगांखालीं.

तो विचार मनांत येतांच आम्हांस खरोखर कांपरें भरलें. त्या रात्रीं आम्हीं आमचा कागद फाडून टाकला आणि पुतण्यापाशीं आमची चूक स्पष्टपणें कबूल केली. तो थोडा हिरमुसला. तरुणपणीं आम्हीही हिरमुसलों असतों. मग सूनबाईंची वही मध्यें ठेवून तिघांनीं मिळून निर्णय केला. अंडाकृति वाटांचीं नवीं बिडाचीं हेडें, ज्वलनाचा खळगा जुन्याइतकाच, उष्णता सोसणारे उत्तम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि खाऱ्या पाण्यास टिकणारें समुद्री गॅस्केट. जे पैसे वांचले त्यांत दोन्ही बाजूंचे नवे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व कोपर.

मे महिन्यांत बोट पाण्यांत उतरली. वेग ४२ चा ४४ झाला. शेजाऱ्यांस सांगण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. परंतु आठ माणसें घेऊन ती पूर्वीपेक्षां चटकन पाण्यावर चढते, आणि ३,२०० फेऱ्यांवर तिचा आवाज एकसारखा असतो. वहिनींनीं पहिले तीन रविवार काठावरूनच पाहिलें. चौथ्या रविवारीं कोणीं आग्रह न करतां त्या स्वतःच येऊन बसल्या. आंत पेट्रोलची वाफ राहूं नये म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीं चार मिनिटें ब्लोअर चालवावा लागतो. तीं चार मिनिटें मोजण्याचें काम आतां वहिनींकडे आहे. त्या तीं घड्याळावर मोजीत नाहींत, जपमाळेवर मोजतात. आणि त्यांनीं मान हलविल्याखेरीज पुतण्या कळीला हात लावीत नाहीं.