ती ‘ढेरी’ नव्हती!

गेल्या दिवाळीत अंबाजोगाईला मामाकडे गेले होते. २३ वर्षांचा मामेभाऊ समोर आला आणि नेहमीसारखी त्याची फिरकी घेतली, ‘काय रे, लग्नाआधीच ढेरी?’ सगळे हसले, तोही हसला. जीन्सचं बटण लागत नाही, दोन घासांत पोट भरतं, हे पठ्ठ्या कुणाला बोललाच नाही. गॅसच्या गोळ्या खात राहिला.

जानेवारीत सोनोग्राफी झाली. पोटभर गाठी! रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मामा त्याला घेऊन माझ्याकडे मुंबईला आला. मग परळ, टाटा हॉस्पिटल, बायोप्सी. रिपोर्टवरचं नाव: डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर. मास कॉमची डिग्री असूनही मला ते धड वाचता येईना.

‘सोप्या भाषेत सांग,’ मामा म्हणाला. सांगितलं. अगदी दुर्मीळ कॅन्सर. डॉक्टरांनी तो वेगळा म्हणून ओळखला तोच १९८९ मध्ये. १० ते ३० वयातल्या मुलग्यांनाच जास्त होतो. पेशीतल्या ११ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, दोन जीन्स चुकीचे जोडले जातात. आई-बापाकडून येत नाही. ‘म्हणजे आमचं काही चुकलं नाही?’ मामाला तेवढंच ऐकायचं होतं.

एक आकडा मात्र गिळला. पाच वर्षांनी पाचांतला जेमतेम एक हयात असतो. जिन्यात भावानेच गाठलं, ‘ताई, मी नेटवर वाचलंय. अण्णाला सांगू नको.’

उपचार मोठे. आधी केमो, गाठी आक्रसण्यासाठी. मग तासन्‌तास चालणारं ऑपरेशन. पोटाच्या अस्तरावरची दिसेल ती प्रत्येक गाठ काढायची. त्यानंतर बऱ्याचदा अख्ख्या पोटाला रेडिएशन. केमोने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी आधीच विचारलं, वीर्य गोठवून ठेवायचं का? मामा फरशीकडे बघत बसला. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. हा शांतपणे म्हणाला, ‘ठेवा की. लग्न करायचंय मला.’ आकडा माहीत असूनही त्याने सही केली!

आता चार केमो झाल्यात. केस गेले, गाठी लहान झाल्यात. ऑपरेशनची तारीख मिळायचीय.

दिवाळीतच सोनोग्राफी केली असती तर? फरक पडलाच असता असं नाही, हा आजार बहुतेकदा पसरल्यावरच कळतो. तरी तो जोक मला अजून टोचतो. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाचं पोट उगाचच वाढत असेल, तर फिरकी जरूर घ्या... पण आधी त्याला डॉक्टरकडे न्या.