भाजी तीच, नावे निराळी

भिलाईचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहतात. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि कारखान्यालगत सेक्टरांचे एक आखीव नगर वसले. सिविक सेंटर हे त्या नगराचे मध्यवर्ती ठिकाण. निरनिराळ्या प्रांतांतून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि त्यांना हा मुलूख अगदीच परका नाही. कारण 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते.

आज मात्र आपल्याला भट्टीकडे नव्हे, भाजीकडे जायचे आहे. पावसाळ्याच्या आरंभी सिविक सेंटरहून भिलाईतील एखाद्या भाजीबाजारात जावे. टोमॅटो आणि फुलकोबीच्या राशींपलीकडे, आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायकांसमोर हिरव्या पाल्याचे लहान लहान वाटे मांडलेले असतात. छत्तीसगढात छत्तीस भाज्या आहेत, असे येथे कौतुकाने सांगतात. त्यांची नावे ऐकून मराठी गृहिणी प्रथम गोंधळते. पण चरोटा म्हणजे विदर्भातील तरोटा आणि कोकणातील टाकळा, अमारी म्हणजे अंबाडी, बोहार म्हणजे भोकराचा कोवळा बहर, करील म्हणजे बांबूचे कोंब अर्थात वास्ते, हे कळले की ओळख पटते. नाव बदलले, पान तेच!

ही ओळख थेट जपानपर्यंत जाऊन पोहोचते, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. ज्यूटच्या कुळातील चेंच भाजीला येथे गरिबाची भाजी मानतात. हिचीच एक बहीण जपानात ‘मोरोहेइया’ या नावाने 1980 च्या दशकापासून लोकप्रिय झाली आहे. पाने उकडून, बारीक चिरून, सोयाबीनच्या आंबवलेल्या रसाबरोबर ती खातात. तळ्यातून निघणारा ढेंस, म्हणजे आपली कमळकाकडी, तेथे ‘रेंकॉन’ म्हणून नववर्षाच्या ताटात मानाने येते. तिच्या छिद्रांतून पुढचे दिवस दिसतात, अशी तेथील भावना आहे. कोचई, म्हणजे अळकुडी, तेथे ‘सातोइमो’ होते. आणि चरोट्याच्या कुळातील बिया भाजून केलेला काढा तेथील लोक चहासारखा पितात.

मग दोन्हींत अंतर कशाचे? अंतर आहे ते मानाचे आणि शिस्तीचे. जपानात 7 जानेवारीला सात पाल्या घातलेली भाताची पेज खाण्याची प्रथा आहे आणि त्या सातही पाल्यांची नावे ठरलेली आहेत. बांबूचे कोंब तांदळाच्या कोंड्याबरोबर उकडल्याखेरीज ते रांधत नाहीत. ‘वाराबी’ नावाच्या नेच्याचे कोंब राखेच्या पाण्यात भिजवून त्यांतील दोष काढल्याशिवाय पानात वाढत नाहीत. कारण रानभाजी म्हणजे केवळ पाला नव्हे; ती केव्हा खुडावी, कशी धुवावी, कशाबरोबर शिजवावी याचे ज्ञानही तिच्याबरोबर आलेले असते.

असे ज्ञान छत्तीसगढातही आहे. चरोटा कोवळा असेल तेव्हाच घ्यावा, निबर झाला की सोडून द्यावा. बोहाराला ताकाची किंवा चिंचेची आंबट जोड द्यावी. हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवावा, हे येथील वृद्ध स्त्रियांना ठाऊक असते. परंतु हे ज्ञान बहुधा त्यांच्या मुखीच राहिले आहे. त्यांच्या सुना-नातींनी ते विचारून घेतले नाही, तर शेतात भाजी उगवत राहील आणि तरीही ती ताटातून नाहीशी होईल.

म्हणून, भगिनींनो, बाजारात अनोळखी वाटा दिसला की भाव विचारण्याआधी त्याचे नाव विचारा. मग तो कसा निवडावा आणि कसा रांधावा, तेही विचारा. आपल्या मनाने रानातला पाला मात्र खुडू नका; सारखी दिसणारी सर्वच पाने खाण्याजोगी नसतात. ऐकलेली कृती त्याच दिवशी घरच्या वहीत दोन्ही नावांनिशी टिपून ठेवा आणि मुलींप्रमाणे मुलांनाही वाचून दाखवा. विकणाऱ्या मावशींपाशी असलेली विद्या अशा वहीतून पुढच्या पिढीच्या स्वयंपाकघरात सुखरूप पोहोचेल.