आठव्या दिवसाचा फोन

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: “कुणालाही कळेल असं लिहा, आणि एपीआय हा शब्द शक्यतो टाळा.” हलवायाला साखर टाळायला सांगण्यातलाच हा प्रकार. पण दिवाळी अंक आहे, प्रयत्न करते.

माझं काम असं. लोक ऑनलाइन तक्त्यात लिहितात, आणि ते त्यांच्या ब्लॉगवर आपोआप जावं अशी सोय मी लावून देते. एक ओळ म्हणजे एक लेख. शेवटच्या रकान्यात ‘तयार’ असं लिहिलं की पहाटे पाचला तो प्रसिद्ध होतो. मध्ये झॅपिअर, मेक किंवा एनएटएन यांच्यासारखं एखादं साधन असतं; पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. याला ‘नो-कोड’ म्हणतात. कोड असतोच, तो दुसऱ्या कुणीतरी लिहून झाकून ठेवलेला असतो. चकलीची भाजणी विकत आणली म्हणून तिला कुणी ‘नो-दळण’ म्हणत नाही.

लोकांना वाटतं, एक किल्ली मिळाली की झालं. नाही होत. ब्लॉगर ही सेवा १९९९ची, पायरा लॅब्जने काढलेली. २००३मध्ये ती गूगलने घेतली. तिथे एपीआयची किल्ली (लिहिलाच अखेर तो शब्द) फक्त वाचायला चालते, तीही जे सगळ्यांना खुलं आहे तेवढंच. ब्लॉगवर काही लिहायचं असेल तर ओऑथ २.० लागतं. ओऑथ म्हणजे मुखत्यारपत्र. ब्लॉगचा मालक आपला पासवर्ड कुणालाच देत नाही. ‘माझ्या वतीने एवढंच काम याने करावं’ असं लिहून देतो, आणि वाटेल तेव्हा ते रद्द करू शकतो. त्याबदल्यात यंत्राला एक टोकन मिळतं, साधारण तासाभराचं. ते संपलं की दुसरं, टिकाऊ टोकन दाखवून नवं घ्यायचं. म्हणजे खरं मुखत्यारपत्र हे दुसरं. आणि ते टिकाऊ असतं, हेच मी मुळात सांगायला नको होतं. कारण ही जोडणी करताना गूगलच्या पटलावर तुमचा प्रकल्प ‘टेस्टिंग’ अवस्थेत राहिला, तर ते टिकाऊ टोकन सात दिवसांनी मरतं. यंत्र ‘इनव्हॅलिड ग्रँट’ एवढंच पुटपुटतं आणि गप्प बसतं. आठव्या दिवशी मला फोन येतो: “ताई, तुमचं मशीन बंद पडलं.” मशीन बंद पडलेलं नसतं हो. मुदत संपलेली असते. प्रकल्प ‘प्रॉडक्शन’मध्ये ढकलला की सात दिवसांची अट जाते. हे मी इतक्यांदा समजावलंय की आता झोपेत सांगेन.

आणखी एक रडगाणं, जाता जाता. मथळा मराठीत दिला की ब्लॉगर त्यातून लेखाचा पत्ता तयार करत नाही; ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असं काहीतरी चिकटवून देतो. वर्डप्रेस देवनागरी घेतं, पण एकेका अक्षरचिन्हाचे नऊ इंग्रजी चिन्हांत तुकडे करतं आणि दोनशेवर कात्री लावतं, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. ब्लॉगरवर मी यातून अशी वाट काढली: आधी इंग्रजी अक्षरांतला मथळा पाठवून लेख प्रसिद्ध करायचा, पत्ता ठरला की लगेच दुसऱ्या फेरीत मथळा मराठी करायचा. पत्ता तोच राहतो. ही युक्ती माझी एकटीची नाही, पण मला ती स्वतःच्या डोक्याने सुचली होती आणि त्याचा अभिमान अजून गेलेला नाही.

आता मूळ गोष्ट. निफाड तालुक्यातले एक निवृत्त कृषी अधिकारी, मी त्यांना काका म्हणते, द्राक्षावर रोजचा सल्ला लिहितात. डाऊनी, भुरी, छाटणीनंतरची फवारणी. त्यांच्या तक्त्यात औषधाचं नाव एका रकान्यात, मात्रा दुसऱ्यात. काकांनी मात्रा टाकली ‘२-३’. खान्यात दिसतही २-३च होतं. पण तक्त्याने मनातल्या मनात त्याची २ मार्च करून टाकली होती, आणि असे तक्ते तारीख साठवतात ती १८९९च्या अखेरीपासूनचे दिवस मोजून. पहाटे पाचला सल्ला गेला: प्रतिलिटर पाण्यात ४५७१८ ग्रॅम. सव्वापाचला काकांना एका बागायतदाराचा फोन: “साहेब, पंचेचाळीस किलो भुकटीत एक लिटर पाणी? कणीक मळायचीय का?”

आम्ही खूप हसलो. मी त्यांना सांगितलंही, की मोठमोठे यात फसलेत; एक्सेल काही मानवी जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं म्हणून २०२०मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ केल्याचं जाहीर केलं. आणि मी दुरुस्ती केली. आत जे साठवलंय ते न उचलता खान्यात ‘जसं दिसतं तसं’ उचल, असं यंत्राला सांगितलं. दोन मिनिटांचं काम.

सतत खुपतं ते पुढचं. मात्रेच्या रकान्यात दशांश लपवलेले होते. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून कुणीतरी कधीतरी तसं केलं असावं. नंतरच्या एका लेखात काकांनी ०.५ टाकलं. खान्यात दिसलं १. जसं दिसलं तसं गेलं. आत ०.५ शाबूत होतं. माझ्या दुरुस्तीआधीचं यंत्र असतं तर बरोबर गेलं असतं. दुप्पट मात्रा नऊ दिवस ब्लॉगवर राहिली. त्यासाठी कुणाचाच फोन आला नाही. पंचेचाळीस किलोला माणूस हसतो. एक मिली कुणाला खटकणार? काकांनाच जुना लेख चाळताना दिसलं. पानाच्या वाचकांचा आकडा तीन अंकी होता. त्यातल्या किती जणांनी पंपात काय ओतलं, ते आम्हाला कधीच कळणार नाही.

सुरुवातीला मी लेख ‘मसुदा’ म्हणून जाईल अशीच सोय केली होती. ब्लॉगरला लेख पाठवताना तेवढी एक खूण करता येते. मग माणूस येऊन वाचतो आणि बटण दाबतो. ती खूण काकांच्या आग्रहाने मीच काढली. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आजही नाही. शेतकरी पहाटे फवारणीला निघण्याआधी मोबाइल बघतो. मसुदा नऊपर्यंत पडून राहिला तर सल्ला शिळा. “मला पहाटे उठवत नाही म्हणून तर तुझं यंत्र घेतलं ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. छापखान्यात जुळारी असायचे, मुद्रितशोधक असायचे. चुका त्यांच्याही हातून सुटायच्या. पण मजकूर कागदावर जाण्याआधी कुणाच्या तरी डोळ्यांखालून जायचा.

नंतर मी मात्रेचा रकाना साध्या मजकुराचा केला, आकड्यांची तपासणी घातली. नोव्हेंबर तोंडावर, ऑक्टोबर छाटण्या झाल्यात, काका घाईत आहेत. यंत्र चालू आहे, मसुद्याच्या खुणेशिवाय. फक्त या वेळी प्रकल्प मी मुद्दाम ‘टेस्टिंग’मध्येच ठेवलाय. दर आठव्या दिवशी काकांचा फोन येतो, “बाळ, तुझं मशीन बंद पडलं.” मी म्हणते, काका, परवानगीचं बटण दाबण्याआधी पुढच्या आठवड्याच्या मात्रा मला वाचून दाखवा. ते कुरकुरत वाचतात. ‘प्रॉडक्शन’चं बटण कुठे आहे, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.