खडबडीत भिंत

स्थितिकी ही यामिकीची अशी शाखा आहे की जिच्यात काहीच हलत नाही, आणि जे हलत नाही ते सोपे असणारच, असा समज अकरावीच्या वर्गापासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापर्यंत सर्वत्र आढळतो. समतोलाच्या अटी दोनच आहेत: वस्तूवरील सर्व बलांची सदिश बेरीज शून्य असली पाहिजे आणि कोणत्याही बिंदूभोवती घेतलेल्या आघूर्णांची, म्हणजे बल आणि त्या बिंदूपासून बलाच्या क्रियारेषेचे लंबांतर यांच्या गुणाकारांची, बेरीजही शून्य असली पाहिजे. या अटी तोंडपाठ असणाऱ्याचेही गणित अडते, कारण अटींमध्ये भरायची बले कोठून आणायची हे त्या अटी सांगत नाहीत. वजन आधीपासून माहीत असते, परंतु भिंत, जमीन, बिजागरी किंवा दोर यांनी वस्तूवर लावलेले बल कोणत्याही सूत्रातून थेट हाती येत नाही. समतोल टिकायला जेवढे लागेल तेवढे ते असते, आणि किती लागेल ते समतोलाच्याच समीकरणांना विचारावे लागते. या विषयाच्या अध्यापनात ज्याचे आयुष्य गेले आहे त्याची सारी खटपट अखेर या एका जागेभोवती फिरत राहते.

पाठ्यपुस्तकातील शिडीच घ्यावी. ५ मीटर लांबीची, २०० न्यूटन वजनाची एकसारखी शिडी गुळगुळीत, म्हणजे घर्षण नसलेल्या, भिंतीला ४ मीटर उंचीवर टेकलेली आहे आणि तिचा पायथा भिंतीपासून ३ मीटर अंतरावर, खडबडीत जमिनीवर आहे. पायथ्याभोवती आघूर्णे घेतली की भिंतीची लंब प्रतिक्रिया, म्हणजे पृष्ठभागाने स्वतःला लंब दिशेत दिलेला रेटा, ७५ न्यूटन निघते. त्यामुळे पायथ्याशी घर्षणही ७५ न्यूटनच असले पाहिजे. येथे घर्षणगुणांक ०.५ दिलेला असला की बहुतेक वह्यांमध्ये घर्षण १०० न्यूटन लिहिलेले सापडते, कारण गुणांक आणि लंब प्रतिक्रिया दोन्ही समोर असताना त्यांचा गुणाकार करण्याचा मोह आवरत नाही. हा गुणाकार म्हणजे सीमांत घर्षण, अर्थात घसरण सुरू होण्याच्या क्षणी मिळू शकणारे कमाल घर्षण होय. ते लंब प्रतिक्रियेच्या प्रमाणात असते हे कुलोंब यांनी १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवणाऱ्या आपल्या निबंधात विस्तृत प्रयोगांनिशी मांडले. जमीन १०० न्यूटनांपर्यंत देऊ शकते, मागितले ७५, म्हणून दिले ७५. हे वाक्य फळ्यावर कितीही वेळा लिहिले तरी उत्तरपत्रिकेत पुन्हा १०० उगवतात, आणि तसे का होते याचे पूर्ण समाधानकारक उत्तर अजून कोणा अध्यापकाने दिल्याचे ऐकिवात नाही.

या फरकाचा अर्थ शिडीवर माणूस चढला की उघड होतो. ६०० न्यूटन वजनाचा रंगारी खालच्या पायरीवरून वर जाऊ लागला की जमिनीची लंब प्रतिक्रिया ८०० न्यूटनांवर स्थिर राहते, तिच्यामुळे सीमांत घर्षण ४०० न्यूटन होते, पण आवश्यक घर्षण मात्र त्याच्या प्रत्येक पावलागणिक वाढत जाते आणि शिडीवरून सुमारे ३.६ मीटर अंतर कापल्यावर ते ४०० ला भिडते. रंगाऱ्यांना हे गणिताविना ठाऊक असते. खाली कोणीतरी पायथ्यावर पाय देऊन उभा असतो तो उगाच नव्हे.

आघूर्णाचा बिंदू कोणता निवडावा, ही या धंद्यातील खरी कारागिरी, आणि कारागिराचा अहंकारही तेथेच मुक्कामाला असतो. कोणत्याही बिंदूभोवती आघूर्णे घेतली तरी उत्तर तेच येते. परंतु ज्या बिंदूतून दोन अज्ञात बलांच्या क्रियारेषा जातात तो निवडला की ती दोन्ही बले समीकरणातून निघून जातात आणि तिसरे एका ओळीत सापडते. त्याहून देखणी रीत तीन बलांच्या नियमाची आहे: समांतर नसलेली तीन बले समतोलात असतील तर त्यांच्या क्रियारेषा एकाच बिंदूत मिळतात. मोकळ्या शिडीचे वजन पायथ्यापासून दीड मीटरवरून खाली जाते, भिंतीचा रेटा ४ मीटर उंचीवरून आडवा येतो, त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथूनच जमिनीचे एकूण बल गेले पाहिजे, आणि उभ्या रेषेशी असलेला त्याचा उतार, दीड भागिले चार, म्हणजे ०.३७५, हाच शिडी टिकायला लागणारा किमान घर्षणगुणांक. एकही समीकरण न लिहिता, केवळ दोन रेषा ओढून हे उत्तर दिल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिची चटक प्रस्तुत लेखकाला अनेक वर्षे होती, आणि ती चटक विद्यार्थ्यांच्या हिताची होती असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

रेषांनी विचार करण्याची ही परंपरा आता जवळजवळ संपली आहे. कुलमान यांनी झुरिकमध्ये शिकवलेली आणि १८६६ साली ग्रंथरूप दिलेली आलेखी स्थितिकी, जिच्यात कैचीच्या प्रत्येक दांड्यातील ताण वा दाब पट्टीने मोजून काढता येई, एके काळी अभियंत्यांचे रोजचे हत्यार होते; तिची जागा संगणकाने घेतली याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती क्लासवाल्यांबद्दल. तेथे शिडीचा एक प्रकार, कप्पीचा एक प्रकार, टांगलेल्या दिव्याचा एक प्रकार अशी वर्गवारी करून प्रत्येकाला तयार सूत्र चिकटवले जाते. सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू लामी यांचा सिद्धांत, ज्यानुसार एका बिंदूवरील समतोलात असलेल्या तीन बलांपैकी प्रत्येक बल इतर दोहोंमधील कोनाच्या ज्येला प्रमाणात असते, आकृतीशिवाय मंत्रासारखा म्हणवून घेतला जातो. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तू परिसरापासून सुटी करून तिच्यावरील बलेच तेवढी दाखवणारी आकृती, काढायला दोन मिनिटे लागतात आणि प्रवेश परीक्षेत दोन मिनिटांची किंमत फार, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही पोटशूळ उरतोच. त्यात तत्त्व किती आणि त्यांच्याकडील गर्दीचा मत्सर किती हे वेगळे काढणे कठीण आहे.

वर्गात फारसे न बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, पण जमिनीला कसं कळतं, किती जोर लावायचा ते?” प्रश्नावर वर्ग हसला. समीकरणांतून ते निघते, हे ठरलेले उत्तर येथे चालण्यासारखे नव्हते, कारण समीकरण माणसाला सांगते, जमिनीला नव्हे. जमिनीला ते कळते दबण्यातून: गादी बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे खचते तशीच फरशीही खचते, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतकी, आणि जेथे तिचा उलटा रेटा भाराइतका होतो तेथे थांबते. वस्तू आणि टेकू पूर्ण दृढ, म्हणजे यत्किंचितही न वाकणारे, आहेत असे गृहीत धरून स्थितिकी ही सगळी हालचाल पुसून टाकते. पुसलेल्या गोष्टीची गरज लागेपर्यंत हे खपून जाते.

ती गरज भिंत खडबडीत होताच लागते, आणि त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापासून या लेखकाच्या वर्गात गुळगुळीत भिंतीआधी खडबडीत भिंत येते. भिंतीवरही घर्षण आले की अज्ञात बले चार होतात आणि समीकरणे तीनच राहतात. अशा रचनेला स्थितिकीच्या दृष्टीने अनिर्धार्य म्हणतात. वरच्याच मोकळ्या शिडीसाठी भिंतीचा गुणांकही ०.५ धरला, तर भिंतीचा रेटा सुमारे ५५ न्यूटनांपासून १२० न्यूटनांपर्यंत काहीही असू शकतो आणि प्रत्येक मूल्याला समतोलाच्या सर्व अटी पूर्ण होतात. ५५ ला भिंतीचे घर्षण शिडीला वर उचलते, १२० ला तेच तिला खाली दाबते. प्रत्यक्षातील शिडीला अर्थातच एकच मूल्य असते. परंतु ते ती किती लवचिक आहे आणि कशी टेकवली, पायथा शेवटी आत सरकवला की बाहेर ओढला, यावर ठरते. हालचालीचे नावही न काढणाऱ्या शास्त्राला उत्तरासाठी मागच्या हालचालीची चौकशी करावी लागते.

चार पायांच्या टेबलाचे असेच होते. ऑयलर यांनी १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, जमीन प्रत्येक पायाखाली दाबाच्या प्रमाणात खचते असे मानून, चार पायांवरील भार काढून दाखवले. म्हणजे त्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्यांनीही टाळला नव्हता. खडबडीत भिंतीचे गणित प्रश्नपत्रिकेत घालण्याचा प्रस्ताव मात्र आजच्या कोणत्याही समितीत टिकणार नाही, कारण ५५ ते १२० हे उत्तर चार पर्यायांपैकी एकाही गोलात बसत नाही आणि एकाहून अधिक बरोबर उत्तरे असलेला प्रश्न म्हणजे न्यायालयात जाण्याचे निमंत्रण. म्हणून भिंत गुळगुळीत असल्याचे छापले जाते, तशी भिंत कोणीही पाहिलेली नसताना. वर्गातील फळ्यावर ती खडबडीतच राहते, आणि क्लासच्या छापील नोट्समध्ये तिचे उत्तर नाही, याचा एक क्षुद्र आनंदही त्यामागे आहे.